तिसरा कण

संसार झाला, मुलं झाली, बायको गेलीसुद्धा — पण हे मी तिला सांगितलं नाही. एकदा दादरच्या चौपाटीवर बसलो असताना अगदी ओठांवर आलं होतं. तिने विचारलं, "काय झालं हो, असे गप्प का?" मी म्हटलं, "काही नाही, पित्त." पित्त! आयुष्यात जेव्हा जेव्हा हे वर आलं, तेव्हा तेव्हा मी त्याला पित्तच म्हटलंय. आज तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि अर्ध्यातून उठून गेलात तरी मला कळणार नाही. हे काही धैर्य नव्हे. मी भित्रा माणूस आहे. तेव्हाही होतो, आणि आत्ता हे लिहितानाही दार लावून बसलोय.

कुठून सुरू करू? मुंबई पेटली होती तिथून करावं असा मोह होतो — संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, सभा, मोर्चे, फाउंटनला गोळ्या लागून पडलेली माणसं, आमच्या लालबागेत भिंतीभिंतीवर 'झालाच पाहिजे'. तिथून सुरू केलं की त्या गर्दीत माझी गोष्ट जरा लहान दिसते. म्हणूनच तिथून नको. तानूमावशीपासून करतो.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. लालबागच्या एका चाळीत तिची खाणावळ होती. गिरण्यांत कामाला आलेले कोकणातले पुरुष, बायका-मुलं गावाला, इथे एका खोलीत पाळीपाळीने झोपायचं — अशांना दोन वेळचं जेवू घालणाऱ्या बायका तेव्हा चाळीचाळीतून होत्या. मी गिरणीतला नव्हतो. मॅट्रिक होऊन गावाहून आलो आणि परळच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये मदतनीस म्हणून चिकटलो. पण जेवायला मावशीकडेच. पानावर बसलं की ती माझ्याकडे बघून ओरडायची, "मेल्या, सुक्या बांगड्यासारखो झालंस, खा मरे!" आणि न विचारता भात वाढायची. गावची आई वर्षातून एकदा भेटायची. ही दिवसातून दोनदा.

मावशी स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवायची. तोवर दिवसभर चहावर. तोही चुलीवरून उतरल्या उतरल्या, बशीत न ओतता — फुंकर घालायला वेळ कुणाला होता? सकाळ-संध्याकाळ दातांना तंबाखूची मिश्री. मावशीचा घसा लोखंडाचा आहे, असं आम्ही कौतुकाने म्हणायचो. आम्हाला काय कळत होतं!

शेवटी जेवत असल्यामुळे तिचं जेवण कुणी बघितलेलंच नव्हतं. एका रविवारी मी छत्री विसरलो म्हणून परत फिरलो. मावशी भिंतीला पाठ टेकून बसली होती आणि पुढ्यात पेज. भात नाही, भाकरी नाही, मासळीचा तुकडा नाही. एकेक घोट घ्यायची, डोळे मिटायची आणि छातीच्या मधोमध मूठ दाबून धरायची. घोट खाली उतरेपर्यंत तशीच.

"काय झाला गे मावशे?"

"काय नाय रे. घास अडकता मेलो." मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "कोणाक सांगू नको हां. लोक जेवूक येवचे नाय."

ती भीती खोटी नव्हती. त्या रोगाचं नाव आमच्याकडे कुणी घेत नसे. रोग्याचं ताट-पेला वेगळा ठेवत, त्याच्या हातचं पाणी पीत नसत. लागण होते असं सगळे धरूनच चालत. खाणावळवालीला तो रोग आहे अशी नुसती कुजबुज झाली असती, तरी तिची चूल विझली असती. मी लॅबमध्ये होतो, मला ठाऊक होतं की तो असा जेवणातून लागत नाही. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर, तपासून घेऊ. ती तयार होईना. 'परळाक नेल्यानी' म्हटलं की लालबागेत लोक पुढचं विचारायचे नाहीत. शेवटी म्हणाली, "तू आसस मां थंय? मगे माका भिया नाय." मला केवढा अभिमान वाटला होता तेव्हा!

सर्जननी घशातून नळी घालून आत बघितलं, चिमट्याने तुकडे काढले आणि बाटली माझ्याच हातात दिली. तळाशी तांदळाच्या कणीएवढे तीन कण. किती कण आले हे लिहून ठेवायची तेव्हा आमच्याकडे पद्धत नव्हती. मोजायचं माझं काम. मी बाटली उजेडाकडे धरून बघितली. तीन होते. याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

आता थोडं कामाचं सांगावं लागेल, त्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही. असे कण आधी औषधात ठेवायचे, मग स्पिरिटात, मग वितळलेल्या मेणात. मेण थिजलं की त्या वडीचे पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकापुढे ठेवायचे. अन्ननलिकेचे कण इतके बारीक आणि पांढरट असतात की मेणात पडले की दिसेनासे होतात. म्हणून आमच्याकडे एक रीत होती — स्पिरिटात असतानाच लाल रंगाचा एक थेंब टाकायचा. कण गुलाबी होतात, मेणात चटकन सापडतात. कामाला लागल्यावर सगळ्यात आधी मला हेच शिकवलं होतं.

त्या दिवशी मी तो थेंब टाकला नाही.

का? शिवाजी पार्कला सभा होती. शाहीर येणार होते. मला पुढे जागा हवी होती. बस, एवढंच, ह्याहून मोठं कारण शोधायला मी किती वर्षं घालवली म्हणून सांगू! मेणात चिमटा फिरवला, दोन कण हाताला लागले, तिसरा दिसेना. खालून मित्र हाका मारत होते. म्हटलं, दोन आहेत ना, पुरे झाले. दोन कणांची वडी पाडली, हात पुसले आणि निघालो. सभेत घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या.

आमचे मोठे डॉक्टर — सबनीस म्हणू त्यांना, खरं नाव नको — त्यांना समजावून सांगायची फार हौस. माझ्यासारख्या मदतनिसालाही ते बोलावून काच दाखवायचे. "हे निळे ठिपके बघ. ह्या पांढऱ्या पेशी. शरीराचे पहारेकरी. कुठे जखम झाली, काही परकं आत शिरलं, की हे धावत येतात. आपण सूज म्हणतो ती यांचीच गर्दी." त्यांचं स्वतःचं एक मत होतं. तंबाखूने, कढत चहाने अन्ननलिका रोज भाजते. पहारेकरी रोज येतात, रोज डागडुजी चालते. वर्षानुवर्षं ही धावपळ चालली की त्या गोंधळातच एखादी पेशी बिघडते, आणि पहारेकऱ्यांना ती आपल्यातलीच वाटते. "पहारा असतो रे," ते म्हणायचे, "पण पकडत कुणीच नाही."

मावशीची काच त्यांनी बराच वेळ बघितली. मी शेजारी उभा. "सूज आहे," ते म्हणाले. "चिक्कार आहे. बिघडलेली पेशी मात्र एकही दिसत नाही." पुन्हा डोळा लावला. "पण इतके सगळे कशासाठी जमलेत? यांच्यामागे काहीतरी असायला हवं." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "कण एवढेच आले होते का?"



"हो सर," मी म्हटलं. "दोनच."

ते मला हाकलणार होते का? मुळीच नाही. चिडले असते, दोन शब्द बोलले असते आणि म्हणाले असते, जा, मेण वितळव, शोध. त्या वयात मला समोर चिडलेले डॉक्टर नको होते — इतकंच होतं हो. आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. "बरं," म्हणाले, "औषध देऊ या. तुझ्या ओळखीच्या आहेत ना? महिन्याभराने पुन्हा घेऊन ये त्यांना. परत तुकडा काढून बघू."

संध्याकाळी मी मावशीला सांगितलं, "सूज आसा, दुसरा काय नाय." महिन्याभराने परत जायचंय, हे सांगितलं नाही. ते उद्या सांगू, म्हटलं. ती मटकन खाली बसली, पदर तोंडाला लावून रडली, मग उठून देवापुढे गाऱ्हाणं घातलं. आणि येत्या रविवारी सगळ्या खाणावळीला वडे-सागोती!

ते जेवण मी जेवलो. पंगतीत मला मधोमध बसवलं होतं. मावशी वाढता वाढता प्रत्येकाला सांगत होती, "माझ्या झिलान तपासल्यान हां, सूज आसा नुसती." मावशीचं काही दुखतखुपत होतं, हे लोकांना त्या दिवशीच कळलं, आणि तेही भीती टळल्यावर. लोक मला शाबासकी देत होते. गिरणीतला एक साचेवाला तर म्हणाला, "पोरगो डाक्टर होतलो." मावशी शेवटी जेवायला बसली, वडा मोडून रश्शात भिजत घातला, आणि तो तसाच भिजत राहिला.

इथपर्यंत मी मनात कितीदा तरी येतो आणि थांबतो. इथे थांबलं की गोष्ट सहन होते. तरुणपणची घाई, साहेबाच्या भीतीने बोललेलं एक खोटं — कुणाच्या हातून होत नाही? तुम्हीही म्हणाला असता, जाऊ द्या हो, किती वर्षं उराशी धरणार. पण मी एक दिवस गाळलाय. मावशीला 'सूज आहे' सांगितलं त्यानंतरचा, आणि त्या रविवारच्या आधीचा. खरं तर सगळं त्या दिवसातच आहे.

त्या दिवशी हरताळ होता. दुकानं बंद, ट्राम बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. मी जवळ राहणारा, बोळांतून कसाबसा हॉस्पिटलात पोचलो. लॅबमध्ये दुसरं कुणी येऊ शकलं नव्हतं. बाहेर दगड पडल्याचे आवाज, मग पळापळ, मग एकदम शांतता. घरी परतायची छाती होईना. वेळ जावा म्हणून मेणाची भांडी खरवडायला घेतली.

एका भांड्याच्या बुडाशी, थिजलेल्या मेणात, काहीतरी होतं. मी ते नखावर घेतलं आणि खिडकीशी नेलं. तांदळाच्या कणीएवढं.

अजूनही वेळ होता, कळतंय ना तुम्हाला? काही बिघडलं नव्हतं. डॉक्टरांना इतकंच म्हणायचं होतं — सर, हा एक भांड्यात राहिला होता. दोनच म्हणालो, ते चुकलं. पण ते 'चुकलं' माझ्या तोंडातून कसं निघणार? मग मी स्वतःशी एक युक्ती केली. आधी आपणच बघू. यातही सूजच असणार. सूज असली म्हणजे सांगायची गरजच नाही.

मी त्या कणाची वेगळी वडी पाडली. इतक्या जपून मी कधी काम केलं नव्हतं. काप काढले, काच रंगवली, डॉक्टरांच्या खुर्चीत बसलो आणि डोळा लावला.

कडेला तीच निळी गर्दी. पहारेकरी अगदी रांग धरून उभे. आणि त्यांच्या पलीकडे मोठ्या, वेड्यावाकड्या पेशींचे पुंजके — मधे मधे कांद्याच्या चकतीसारखी गोल गोल वेटोळी. डॉक्टरांनी ती मला दुसऱ्यांच्या काचांवर इतक्यांदा दाखवली होती की ओळखायला क्षणही लागला नाही. आत, त्या पुंजक्यांत, निळा ठिपका जवळजवळ नव्हताच. सगळे बाहेर उभे होते.

मी उठलो. काच रगडून धुतली, पुसली आणि कोऱ्या काचांमध्ये ठेवून दिली. मेणाची वडी शेगडीत टाकली. मेण भर्रकन पेटतं, ती ज्योत बघून मी दचकून मागे सरलो. मग खिडक्या उघडल्या, वास जावा म्हणून.

आणि रविवारी वडे-सागोती जेवलो.

म्हणजे मला ठाऊक होतं. पंगतीत बसून मान खाली घालून जेवत होतो तेव्हा, लोक पाठ थोपटत होते तेव्हा, मावशीचा वडा रश्शात भिजत होता तेव्हा — त्या खोलीत हे फक्त मला ठाऊक होतं.

तुम्ही म्हणाल, महिन्याभराने तरी तिला न्यायचं होतंस! कण परत काढले असते, रोग दिसला असता, माझ्यावर कुणाचा संशयही आला नसता. बरोबर आहे. आज मलाही ते दोन आणि दोन चार इतकं सरळ दिसतं. पण तेव्हा मला वाटायचं, ती पुन्हा आली की सबनीस जुनी काच काढतील, पुन्हा विचारतील, माझ्या तोंडाकडे बघतील. घाबरलेल्या माणसाला सुटकेचा रस्तासुद्धा सापळा वाटतो. डॉक्टरांनी मधे एकदा विचारलं, "त्या बाई आल्या नाहीत?" मी म्हटलं, "बरं वाटतंय त्यांना." आणि मावशीला म्हणायचो, औषधाला वेळ लागतो. तिचे गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, आवाज घोगरा झाला. मी तिच्यासमोर बसून जेवायचो. मग माझ्याही घशाखाली घास जाईना. लोक म्हणायचे, बघा, पोराचा किती जीव आहे मावशीवर.

शेवटी गावाहून तिचा भाऊ आला, त्याने तिला उचलूनच परळला आणलं. नवा कण काढला. सबनीसांनी बघितलं, या वेळी रोग समोरच होता. मग जुनी काच मागवली. सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते ती एकच काच फिरवून फिरवून बघत होते. "माझी नजर चुकली असणार," ते म्हणाले. "असल्या पहाऱ्यामागे चोर असतोच, मला कळायला हवं होतं." तो म्हातारा माणूस डोळे चोळत बसला होता, आणि मी शेजारी उभा राहून काचा पुसत होतो.  पुढे ते निवृत्त झाले, वारले. ती चूक आपलीच, असं समजूनच गेले.

आता म्हातारपणी वर्तमानपत्रांत, मासिकांत ह्या रोगावर काही आलं की मी वाचतो. वाचू नये असं ठरवतो आणि वाचतो. आता म्हणतात की सबनीस बरेचसे बरोबर होते. वर्षानुवर्षांच्या सुजेत पहारेकरीच बिघडतात. रोग त्यांना गप्प करतो, काहींना तर आपल्या कामाला लावतो. मग ते त्यालाच पोसतात, वाढायला जागा करून देतात. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सून म्हणाली, "बाबा, बरं नाही का?" मी म्हटलं, पित्त.

त्या काळी वेळेवर कळलं असतं तरी ती वाचली असती का? छाती उघडून केलेल्या त्या ऑपरेशनांतून फार माणसं उठत नसत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. या विचाराच्या कुशीत मी कित्येक वर्षं झोपलोय. पण ते ठरवायचा हक्क तिचा होता, आणि तो मी शेगडीत टाकला. त्यामुळे हे मी बचाव म्हणून सांगत नाही. मनात येतं, ते लपवायचं नाही म्हणून सांगितलं.

मावशीला गावी जायचं होतं. भाऊच्या धक्क्यावर मी तिला पोचवायला गेलो. तिला खुर्चीत बसवून आणलं होतं. पाणीसुद्धा उतरत नव्हतं. ओला कपडा ओठांना लावायचा, इतकंच. बोटीला वेळ होता. तिचा भाऊ सामान बघायला गेला आणि आम्ही दोघंच राहिलो. मला वाटलं, आता सांगावं. इथे कुणी नाही, ती चालली आहे, आता सांगावं. मी तिच्या पायांशी उकिडवा बसलो. तोंड उघडलं.

तिनेच आधी बोलायला घेतलं. आवाज इतका बारीक की मला कान जवळ न्यावा लागला.

"कसो सुकलंस रे. जेवणस नाय?"

मी ओला कपडा तिच्या ओठांना लावला.

"माझ्यासाठी जीवाक लावन घेव नको. तू काय करतलस? तुका तरी काय म्हायत होता?"

ती माझ्याकडे बघत होती. उत्तराची वाट बघत नव्हती. माझी समजूत घालत होती.

"नाय गे मावशे," मी म्हटलं. "माका म्हायत नव्हता."

तिने ते खरं मानलं.